'हँडल मारणे' आणि 'इंजिन फिरवणे'

एका वाचकांच्या वडिलांची जुनी ॲम्बेसेडर वर्षातले बरेच महिने उभीच असते आणि तिच्या देखभालीचे टिपण ते मराठीत लिहीत आहेत. सेल्फ न वापरता इंजिन हाताने सावकाश फिरवण्याच्या क्रियेसाठी त्यांनी प्रथम 'इंजिन वळवा' असे लिहिले. त्यांच्या मेकॅनिकने 'हँडल मारा' (हँडल म्हणजे इंजिन हाताने फिरवण्याचा वाकडा लोखंडी दांडा) असे सुचवले, तर एका स्नेह्यांनी 'हस्तघूर्णन करा' असा शब्द पुढे केला. या तिन्हींपैकी कोणता प्रयोग ठेवावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझ्या मते तिन्ही बाजूला ठेवून 'हँडलने इंजिन फिरवा' असे लिहावे. 'हस्तघूर्णन' हातात पाना घेतलेल्या माणसाच्या तोंडी कधी येणार नाही, एवढे सांगून तो विषय मी संपवतो. 'वळवणे' हे क्रियापद दिशा बदलण्याचे आहे. गाडी डावीकडे वळवतात, पाण्याचा प्रवाह वळवतात, पण जागच्या जागी आसाभोवती होणाऱ्या हालचालीला आपण 'फिरणे' म्हणतो. खरा विचार करण्याजोगा प्रयोग मेकॅनिकचा आहे, कारण तो अस्सल आहे आणि तरीही या ठिकाणी चुकीचा आहे.

गाडी चालू करण्याचे मराठीतले जवळजवळ सगळे बोलीप्रयोग 'मारणे' या क्रियापदावर उभे आहेत. आपण स्कूटरला किक मारतो, बंद पडलेल्या गाडीला धक्का मारतो, किल्ली फिरवून सेल्फ मारतो आणि पूर्वी हँडल मारत होतो. यांतला 'सेल्फ' मोठा गमतीचा आहे. 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवरचा सेल्फ-स्टार्टर आला आणि हाताने हँडल मारण्याची गरज हळूहळू संपली. मराठीने त्या जोडशब्दातले नाम टाकून दिले आणि विशेषणालाच नाम केले. उरलेला 'स्टार्टर' शेतकऱ्याकडे विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीसाठी कामास आला.

'हँडल मारणे' हा प्रयोग महाराष्ट्राच्या खेड्यांत मुरला तो मोटारगाड्यांपेक्षा विहिरीवरच्या ऑइल इंजिनमुळे, असे मला वाटते. पुण्याजवळ खडकीला 1946 मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि मोटार कधी न वापरलेल्या घरांतही डिझेल इंजिनाचे हँडल ठाऊक होते. त्या इंजिनावर एक छोटा दांडा असे. तो वर केला की व्हॉल्व्ह उघडा राहून आतला दाब सुटे, हँडल हलके फिरे, आणि पुरेशी गती आल्यावर दांडा सोडला की इंजिन पेट घेई. या सगळ्या खटाटोपाला एकच नाव होते, हँडल मारणे, आणि इंजिन चालू झाले नाही तर 'चार वेळा हँडल मारले, पण घेतच नाही' अशी तक्रार होत असे.

या प्रयोगाच्या रचनेतच प्रश्नाचे उत्तर आहे. अशा प्रयोगांत 'मारणे'चे कर्म साधन किंवा कृती असते, आणि ज्याच्यावर काम होते ते 'ला' लावून बाजूला उभे राहते: गाडीला किक मारली, भिंतीला रंग मारला, इंजिनाला हँडल मारले. 'इंजिन मारले' असे कोणी म्हणत नाही. 'फिरवणे'चे कर्म मात्र इंजिन स्वतःच असते. म्हणून 'हँडल मारा' हे शब्द ऐकणाऱ्याचे लक्ष झटक्याकडे आणि इंजिन चालू होते की नाही याकडे जाते, तर 'इंजिन फिरवा' म्हटले की इंजिन कुठवर फिरले याकडे जाते. देखभालीत नेमके हेच दुसरे लक्ष हवे असते.

प्रत्यक्ष काम पाहिले की हा फरक पटतो. ॲम्बेसेडरच्या 1489 सीसीच्या इंजिनावर टॅपेट सेट करताना, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतले अंतर जुळवताना, इग्निशन बंद ठेवून स्पार्क प्लग काढतात, म्हणजे दाब सुटतो; मग बंपरमधल्या भोकातून हँडल घालून ते क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकाला अडकवतात आणि बोटाबोटाने फिरवतात. आठ व्हॉल्व्हना समोरून एक ते आठ क्रमांक दिले, तर जो पूर्ण दाबला गेला असेल त्याचा क्रमांक नवातून वजा करायचा. येईल त्या क्रमांकाचे अंतर फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्टीने, तपासायचे. आठवा दाबला असेल तर पहिला, तिसरा दाबला असेल तर सहावा. दोन पूर्ण फेऱ्यांत आठही होतात. येथे कोणी शब्दशः हँडल मारले, तर हवी ती जागा केव्हाच निघून गेलेली असते. गाडी बराच काळ उभी राहून पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरल्या असतील, तर प्लगच्या भोकांतून थोडे ऑइल सोडून वाट पाहावी लागते. त्या स्थितीत झटका देणे म्हणजे रिंग मोडण्याला आमंत्रण आहे.

आपल्या टिपणात दोन्ही प्रयोगांना जागा आहे, फक्त वेगवेगळ्या परिच्छेदांत. बॅटरी उतरल्यावर गाडी चालू कशी करावी हे सांगताना निःसंकोच 'हँडल मारा' असे लिहावे, आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल खालून वर ओढावे, ही सूचना तेथेच द्यावी, कारण इंजिन उलटा फटका देते तेव्हा अंगठा दुसऱ्या बाजूला असला तर तो मोडतो.

'हाताने फिरवा' एवढेच लिहिणे मात्र टाळावे. त्यातून कोणी फॅन बेल्ट धरून ओढू लागेल. आपल्याला 'विजेशिवाय' हा अर्थ हवा आहे, तेव्हा 'हँडलने' किंवा 'पान्याने' असे साधनच सांगावे. तसेच 'इंजिन' हा शब्द गाळू नये. 'गाडी फिरवा' म्हटले, तर वाचणारा ती अंगणात उलट्या तोंडाने उभी करील किंवा चौकापर्यंत चक्कर मारून आणील.