५८ सीसीची चेनसॉ (लाकूड कापायची मशीन) मॉडिफाय करावी का

भाऊ, तुम्ही विचारलंय की जिंतूरकडं बाभळी नि चिंचा तोडायला ५८ सीसीची चायना मशीन हाय, मिस्त्री म्हणायलाय सायलेन्सरचं भोक मोठं करतो, पोर्ट (सिलेंडरमधली हवा-धूर ये-जा करायची भोकं) घासतो, सिलेंडरखालचं गॅस्केट काढतो, मशीन पळंल, तर करावं का. पळंल, त्यात वाद नाही. टिकंल का हे मात्र सगळं कार्बोरेटरच्या सेटिंगवर हाय आणि त्याबद्दल मिस्त्री काही बोललेला दिसत नाही.

सायलेन्सर मोकळा केला की इंजिन हवा जास्त ओढतं, कार्बोरेटरचा स्क्रू हाय तिथंच ठेवला तर पेट्रोल कमी पडतं, आणि टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच जातं म्हणून तेबी कमी पडतं, मग सायलेन्सरच्या बाजूनं पिस्टन ओरबाडतो नि मशीन जाम. त्यात मे महिन्यात आपल्याकडं ४२-४३ डिग्री, आणि पंपावरच्या पेट्रोलमधी २० टक्के इथेनॉल, त्यानं जुन्याच सेटिंगला मशीन आधीच जराशी लीन, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, अशी चाललेली असती. कुणी म्हणंल ऑइल जास्त टाका, तर ऑइल वाढवलं की तेवढं पेट्रोल कमी होतं, लीनपणा त्यानं जात नाही. कंपनीनं २५:१ सांगितलं असंल तर लिटरला ४० मिली, बस.

सायलेन्सर करायचाच तर करा, पण आतली जाळी काढू नका, उन्हाळ्यात बांधावरचं वाळलेलं गवत एका ठिणगीत पेटतं. मग मशीन गरम करून, चेन मोकळी ठेवून फुल रेस द्या आणि कान देऊन ऐका. आवाज जरा फाटका, घुरघुरल्यावाणी आला पाहिजे आणि लाकडात टेकवली की तोच आवाज साफ झाला पाहिजे. हवेतच एकदम साफ, बारीक किंचाळायलीय म्हणजे लीन हाय, तिथंच रेस सोडा, कार्बोरेटरवरचा एचचा स्क्रू (फुल रेसचं पेट्रोल कमीजास्त करायचा) थोडाथोडा उलटा फिरवा नि परत ऐका. प्लग बदामी असावा, पांढरा दिसला तर थांबा. आणि उन्हाळ्यातलं सेटिंग डिसेंबरच्या सकाळी तसंच ठेवायचं नाही, थंड हवा दाट असती, परत लीन होतं. हे लई लोक विसरतात.

पोर्ट घासायचं मात्र माझं स्पष्ट मत हाय, या मशीनला नको. सिलेंडरवर आतून कडक मुलामा असतो, कानस लागली की कडेनं त्याचे पापुद्रे निघतात, आणि पोर्ट जास्त रुंद झाला तर रिंग त्यात अडकून तुटती. गॅस्केट काढायच्या आधी प्लगच्या भोकातून सोल्डरची तार घालून हातानं पिस्टन वर आणा, चेपलेली तार व्हर्नियरनं मोजा. गॅस्केट काढल्यावर पिस्टन नि सिलेंडरच्या माथ्यात अर्धा मिलिमीटर तरी जागा उरत नसंल तर हातच लावू नका. मिस्त्रीकडं व्हर्नियर नसंल तर तेच उत्तर समजा.

आणि खरं सांगायचं तर बाभळीत मशीन कमी पडते ती बहुतेक वेळा चेनमुळं. बुंध्यावर माती, वाळू चिकटलेली असती, एकदा तिच्यातून चेन गेली की धार गेलीच. .३२५ इंच पिचची चेन असंल तर ४.८ मिलिमीटरची गोल कानस, दर टाकीला दोन-दोन हात, आणि पुढचे रेकर (दात किती खोल जाईल ते ठरवणारे उंचवटे) दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली. भुश्याऐवजी लांब छिलके पडायला लागले की समजा धार बसली. दाबावं लागायलंय तर पॉवर कमी नाही, धार कमी हाय.

वर चढून फांद्या तोडायला वेगळी छोटी मशीन असंल तर तिला काहीच करू नका. तिथं मशीन दोरीला लटकून परत एका ओढीत चालू झाली पाहिजे, आयडलला चेन फिरता कामा नये, आणि मोकळ्या सायलेन्सरच्या आवाजात खालच्या माणसाची हाक वर ऐकूच येत नाही.