एफडीआय वाढतंय म्हणून एफडी मोडायची?

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मेंटेनन्स सांभाळणाऱ्या 44 वर्षांच्या वाचकाचं पत्र आहे. बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने त्यांना मोबाइलवर एक आलेख दाखवला. चीनमध्ये येणारी थेट परकीय गुंतवणूक, म्हणजे एफडीआय, 2021 नंतर कोसळलेली, भारताची रेघ मात्र टिकून. "सगळा पैसा आता इकडे वळतोय सर, मॅन्युफॅक्चरिंग फंड घेऊन टाका." वाचकाचा प्रश्न एवढाच, की 12 लाखांची एफडी मोडून एकरकमी टाकू की सहा हप्त्यांत? जाता जाता कळवलंय की मुलगी बारावीला आहे, एफडी तिच्या इंजिनिअरिंगसाठी होती, गृहकर्ज 38 लाख उरलंय आणि विमा 'भरपूर' आहे, वर्षाला 2 लाख 40 हजार हप्ता जातो.

आधी तो आलेख. चीनची घसरण खरी आहे. देशात आलेल्यातून परत गेलेलं वजा केलं, तर 2021 मध्ये तिथे सुमारे 340 अब्ज डॉलर आले आणि 2023 मध्ये त्याचा सहावा हिस्साही नाही. पण चीनच्याच वाणिज्य मंत्रालयाचा 2023 चा आकडा 160 अब्जांच्या पुढे आहे, कारण तिथे परत गेलेला पैसा वजा होत नाही. आता भारत. 2024-25 मध्ये आपल्याकडे 81 अब्ज डॉलर आले. त्याच वर्षी परदेशी कंपन्यांनी सुमारे 51 अब्ज परत नेले, म्हणजे चीनच्या मापाने उरले सुमारे 30 अब्ज. आपल्या कंपन्यांनी सुमारे 29 अब्ज बाहेर गुंतवले. तेही वजा केले तर उरले एक अब्जाच्याही आत. तुमच्या मॅनेजरने चीनची निव्वळ रेघ आणि आपली ढोबळ, म्हणजे परत गेलेलं वजा न केलेली रेघ एकाच पडद्यावर दाखवली. मुद्दाम केलं नसेल, त्यालाही वरून फॉरवर्ड आलं असेल.

आणि परत नेलेला पैसा उभा कसा राहिला? ऑक्टोबर 2024 मध्ये ह्युंदाईच्या भारतीय कंपनीचा आयपीओ, म्हणजे लोकांना पहिली शेअरविक्री, आला, 27,870 कोटींचा. त्यातला एक रुपयाही भारतीय कंपनीकडे गेला नाही, सगळा कोरियातल्या मालक कंपनीकडे. शेअर पहिल्याच दिवशी विक्रीच्या भावाखाली बंद झाला. परदेशी मालक विकत होता आणि घेणाऱ्या बहुतेक मोठ्या संस्था होत्या; लहान गुंतवणूकदारांसाठी राखलेला हिस्सा निम्माच भरला. एफडीआय म्हणजे मालकाचा पैसा. तो आला म्हणून तुमच्या फंडाचं युनिट वाढेल, असा काही नियम नाही. शांघायचा निर्देशांक 2007 च्या सुरुवातीला 3,000 वर गेला आणि 2024 च्या सुरुवातीला 3,000 च्या खाली होता. मधल्या काळात चीनकडे वर्षाला येणारी गुंतवणूक दुपटीवर गेली होती. त्याच 17 वर्षांत सेन्सेक्स 14,000 वरून 72,000 वर गेला, आणि आपल्याकडे येणारा परकीय पैसा चीनपेक्षा कितीतरी कमी होता.

तळेगाव तर तुमच्या शेजारीच. जनरल मोटर्सचा कारखाना 2020 च्या जानेवारीत चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने घ्यायचं ठरलं, एप्रिलमध्ये शेजारी देशांच्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी बंधनकारक झाली, 2022 मध्ये करार बारगळला, 2023 मध्ये ह्युंदाईशी झाला. घोषणा आणि गेटवर लागलेली पाटी यांत इतकी वर्षं जातात. तुमच्या मुलीची फी पुढच्या जुलैत आहे.

12 लाखांवर 30 टक्के घसरण म्हणजे 3 लाख 60 हजार, दोनेक वर्षांची फी गेली. शिवाय तुमचा पगार वाहन उद्योगावर, फ्लॅटची किंमत चाकणवर, आता बचतही त्याच टोपलीत? एफडी मोडू नका. फीच्या तारखा बघून तिचे चार तुकडे करा. एकरकमी की हप्त्यांत, हा प्रश्नच उरत नाही.

आता न विचारलेलं, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. पत्रासोबत पॉलिसीच्या पानांचे फोटो आहेत. 10 वर्षं हप्ता, मग 'हमखास उत्पन्न', आणि मृत्युलाभ 24 लाख. गृहकर्ज 38 लाख. उद्या तुम्ही नसलात तर विम्याचे 24 आणि मुलीच्या एफडीचे 12 घालूनही बँकेचे 2 लाख उरतात, किराणा नंतर. याला भरपूर विमा म्हणतात? वर्षाला 2 लाख 40 हजार घेऊन हे गळ्यात मारणारा तोच मॅनेजर, हे तुम्ही सहज लिहून गेलात. परतावा मी तक्त्यावरून मांडून पाहिला, पाच टक्क्यांच्या जरा वर.

60 व्या वर्षापर्यंतचा दीड कोटीचा टर्म प्लॅन घ्या, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा. तुमच्या वयाला निर्व्यसनी माणसाला 35-40 हजारांच्या आसपास पडतो. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर जातो, तो धरू नका. टर्मची पॉलिसी हातात आल्याशिवाय जुनीला हात लावायचा नाही. मग विमा कंपनीकडून पेड-अप (हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवणं) आणि सरेंडर (पॉलिसी मोडून पैसे घेणं), दोन्ही आकडे लेखी मागवा आणि मला पाठवा. तीन हप्ते, म्हणजे 7 लाख 20 हजार गेलेत. माझा कल पेड-अपकडे आहे. टर्मचा खर्च जाऊन वर्षाला 2 लाख सुटतात, त्यातून फीची बरीचशी सोय होते.

शुगरची गोळी चालू आहे असं शेवटच्या ओळीत लिहिलंय. ती टर्मच्या फॉर्मवरही लिहा. हप्ता पाच-सात हजारांनी वाढला तर वाढू द्या.