जिममधून थेट ऑफिस: बॅग दुसऱ्यांदा भरताना होणारा घोळ

सकाळी साडेसहाला जिम, तिथेच अंघोळ, मग लोकलने ऑफिस. शॅम्पू लॅपटॉपच्या कप्प्यात सांडला, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत बॅग उघडली की टॉवेलचा कुबट वास. जिममधून थेट ऑफिसला जाताना बॅग कशी सांभाळावी असं तुम्ही विचारलंय; हे दुखणं मला चांगलंच ओळखीचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काय काय न्यायचं ते तुम्हाला माहीत आहेच. तुमच्या प्रश्नाला आलेल्या इतर उत्तरांत अंघोळीच्या सामानाची कोणती किट घ्यावी यावर बरंच बोलून झालंय, पण माझ्या मते यात किटचा दोष फार थोडा. घरून निघताना बॅग सगळेच नीट भरतात. हात कोरडे असतात, सामानही सुकं असतं. घोळ होतो तो अंघोळीनंतर तीच बॅग परत भरताना. हात ओले, बाक दुसऱ्याच्या सामानाने अडलेला, बाहेर कोणीतरी दार वाजवतंय आणि गाडीची वेळ झालेली. तयारी त्या पाच मिनिटांची करायची.

सगळ्यात महागात पडते ती ओला टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवण्याची सवय. लॅपटॉप वाचतो खरा, पण टॉवेलला आठ-दहा तास ओल, ऊब आणि अंगावरचा घाम-मळ असं सगळं एकत्र मिळतं. जिवाणूंना आणखी काय हवं? एकदा वास धरला की नेहमीच्या धुण्याने तो जात नाही. सुकल्यावर गेल्यासारखा वाटतो आणि पुन्हा ओला झाला की परत येतो. अशा टॉवेलला गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवा, पावडर नेहमीपेक्षा कमी घाला, दोनदा खळबळा आणि कडक उन्हात टाका. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको. त्याने तंतूंवर थर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो. मायक्रोफायबरचं तर त्याने वाटोळंच होतं.

मुळात जाड टेरी टॉवेल नेऊच नका. सोलापुरी टॉवेल घरी उत्तम, पण ७० बाय १४० सेंमीचा टॉवेल सुकाच चार-पाचशे ग्रॅम भरतो आणि दिवसभरात सुकत नाही. पातळ सुती पंचा घ्या. पंचा कमी पाणी टिपतो ही तक्रार खरी आहे, पण त्याला उपाय आहे. नळ बंद केल्यावर आधी तळव्यांनी डोकं, हात, पाय वरून खाली निपटून काढा. अंगावरचं बरंचसं पाणी तिथेच गळतं. मग पंचाने पुसा, घट्ट पिळा आणि त्याच पिळलेल्या पंचाने पुन्हा पुसा. दुसऱ्या फेरीत अंग खरोखर कोरडं होतं. पंचे दोन ठेवा, आलटून पालटून. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत एक पंचा रात्रीत सुकेलच असं नाही.

ऑफिसला पोचल्यावर पहिलं काम म्हणजे पंचा बाहेर काढून टेबलाखालच्या हुकला पसरून टांगणं. पँट्रीत किंवा खुर्चीच्या पाठीवर टाकू नका, लोकांना ते आवडत नाही आणि त्यांचं बरोबर आहे. टांगायला जागाच नसेल तर बॅगेच्या बाहेरच्या जाळीच्या कप्प्यात सैल ठेवा. घामाचा टीशर्ट वेगळ्या कापडी पिशवीत. पॉलिस्टरचा टीशर्ट सुतीपेक्षा जास्त वास धरतो, त्यामुळे शॉवरमध्येच साध्या पाण्याने खळबळून घट्ट पिळलेला बरा. घामट तसाच कोंबण्यापेक्षा थोडा ओला परवडला.

आता शॅम्पूची बाटली. मऊ बाटल्या गर्दीत दाबल्या जातात आणि फ्लिपचं झाकण आपोआप उघडतं. आट्यांच्या झाकणाची, ३० मिलीची कडक बाटली घ्या. आखूड केसांना एका वेळी २ मिली शॅम्पू पुरतो, म्हणजे भरलेली बाटली पंधरा अंघोळींना पुरेल. तोंडावर प्लास्टिकच्या पिशवीचा छोटा तुकडा ठेवून वरून झाकण आवळा. फ्लिपचीच बाटली असेल तर बंद करताना किंचित दाबून हवा काढा, म्हणजे बाटली शॅम्पू सांडण्याऐवजी आत ओढून धरते. तरीही ती लॅपटॉपच्या कप्प्यात नको, बाहेरच्या कप्प्यात आणि उभी. बाटलीऐवजी शॅम्पूच्या छोट्या पुड्या न्या, असा सल्ला इतर उत्तरांत कोणीतरी दिलाय. मला तो पटत नाही. ओल्या हातांनी पुडी फाटत नाही, दाताने फाडावी लागते, आणि एका पुडीतला उरलेला निम्मा शॅम्पू बॅगेतच जातो. न्यायचीच असेल तर घरीच कडेला कात्रीने छोटी खाच मारून ठेवा.

साबणाची वडी नेत असाल तर अख्खी नको, चौथाई कापून न्या. बंद डबीत ओली वडी संध्याकाळपर्यंत लिबलिबीत होते. खाली भोकं आणि पाणी साठायला वेगळा तळ असलेली साबणदाणी घ्या. जिमला बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर साबणाला फेसच येत नाही, अंगावर पांढुरका चिकट थर राहतो. तिथे बॉडीवॉश बरा.

एस आकाराचा एक स्टीलचा हुक बॅगेत कायमचा ठेवा. शॉवरमध्ये खुंटी एकच असते, तीही मोडकी. हुक दाराच्या वरच्या कडेला अडकवला की अंघोळीच्या सामानाची जाळीची पिशवी त्यावर राहते, खुंटी कपड्यांना मोकळी. पँट घालताना दोन्ही पाय चपलेवरच ठेवा आणि पँटचे पाय आधी गुडघ्यापर्यंत गुंडाळून घ्या. एक पाय घालायचा, गुंडाळी सोडायची नाही. दुसरा घालायचा, कंबर लावायची आणि मग बाहेर कोरड्या जागी येऊन दोन्ही गुंडाळ्या सोडायच्या. फॉर्मल पँटच्या काठाला फरशीचं पाणी लागलं की ते वर चढत जातं. मोजे सगळ्यात शेवटी, बोटांच्या बेचक्या पुसून.

व्यायाम संपल्या संपल्या अंघोळ केली तर शर्ट घालताच पुन्हा घाम फुटतो, कारण शरीर आतून तापलेलंच असतं. दहा मिनिटं सावकाश चाला आणि शेवटचे दोन तांबे, म्हणजे शॉवरचं शेवटचं मिनिट, गार पाण्याचं ठेवा. डिओचा फवारा बंद खोलीत मारू नका, रोल-ऑन वापरा. फवाऱ्याचा डबा मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत तर नकोच. ५० अंशांच्या वर ठेवू नये असं त्यावरच छापलेलं असतं.

जिमच्या काउंटरबद्दल थोडं कडू बोलतो. नाव कोणाचंच घेत नाही. ‘शॉवर आहे, लॉकर आहे’ एवढंच सांगून फी घेतात. गीझर सातनंतर चालू होतो, लॉकर फक्त तुम्ही जिममध्ये असेपर्यंतच मिळतो, रात्री ठेवलेलं सामान साफसफाईत काढून टाकलं जातं, हे नंतर कळतं. विचारलं तर ‘मॅनेजर संध्याकाळी येतात’. सकाळच्या माणसाला संध्याकाळच्या मॅनेजरचा काय उपयोग? पैसे भरण्याआधी तुमच्या नेहमीच्या वेळेलाच जाऊन शॉवर बघा, नळ सोडून बघा, खुंट्या मोजा. रात्रीचा लॉकर कबूल केला तर ते पावतीवर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी शब्द काउंटरवरचा मुलगा बदलला की संपतो. लॉकर मिळालाच नाही तर ऑफिसच्या खणात एक बनियन, अंतर्वस्त्रांचा जोड आणि मोजे ठेवून द्या. सगळ्यात जास्त विसरली जातात ती हीच.

हे सगळं आखूड केसांना धरून लिहिलंय. लांब केस असतील तर केस घरी संध्याकाळी धुणं आणि जिममध्ये शॉवर कॅप हेच सुटसुटीत पडतं; त्यातलं जास्त ज्यांना कळतं त्यांनी जरूर भर घालावी.

आणि मी डॉक्टर नाही, पण एक सांगतो. शॉवरमध्ये रबरी चपला घालाच, पंचा आणि रेझर कोणाला देऊ नका. जांघेत किंवा बोटांत गोल चट्टा उठून खाज सुटली तर दुकानदाराने दिलेली कॉम्बिनेशनची, म्हणजे अनेक औषधं एकत्र असलेली ट्यूब चोळू नका. तिच्यात बहुधा स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग नायटा पसरतो आणि आटोक्यात यायला कितीतरी जास्त वेळ लागतो. सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, आणि तोवर पंचा नि चड्ड्या घरच्यांच्या कपड्यांपासून वेगळ्या, गरम पाण्यात धुवा.