तांबं लंडनमध्ये पडतं, पीठ लुसाकात महागतं

प्रश्न : झांबिया तांबं विकतो, पण मका घरचाच पिकवतो. मग लंडनच्या धातुबाजारात तांब्याचा भाव उतरला की तिथं, राजधानी लुसाकात, मक्याचं पीठ का महागतं?

उत्तर : कारण मधे क्वाचा आहे, तिथलं चलन. निर्यातीतून येणाऱ्या दर 10 डॉलरपैकी 7 च्या आसपास तांब्याचे असतात. जुलै 2008 मध्ये टनाला 8,900 डॉलरच्या घरात असलेला भाव डिसेंबरात 3,000 च्या खाली आला. माल रवाना झाला की खरेदीदार बहुतेक रक्कम उचल म्हणून देतो. पक्का हिशेब मात्र नंतरच्या ठरलेल्या महिन्याच्या सरासरी भावानं होतो. मधेच भाव कोसळला, तर खाणीला उचलीतले पैसे परत करावे लागतात. डॉलर असे दोन्हीकडून आटतात. साडेतीन हजार क्वाचांच्या आत मिळणारा डॉलर 2009 च्या सुरुवातीला पाच हजारांपलीकडे गेला. मका घरचा, पण खत आणि डिझेल बाहेरचं. शिवाय क्वाचा पडला की शेजारच्या काँगोत पीठ विकणं जास्त परवडतं, आणि पोती सीमेपलीकडे जाऊ लागतात.

प्रश्न : चलन घसरलं की निर्यात वाढते ना?

उत्तर : कापडाची वाढू शकते, तांब्याची सहसा नाही. तांब्याचा भाव मुळात डॉलरमध्येच ठरतो, त्यामुळे क्वाचा पडला म्हणून गिऱ्हाइकाला ते स्वस्त मिळत नाही. मजुरी डॉलरच्या हिशेबात उतरते खरी, पण यंत्रांचे सुटे भाग आयातच करावे लागतात. आणि नवी खाण उभी राहायला वर्षं लागतात.

प्रश्न : मग सरकारनं काय करावं?

उत्तर : तेजीत डॉलरमध्ये कर्ज काढू नये. झांबियानं 2012 मध्ये 75 कोटी डॉलरचे रोखे विकले, मुद्दल 2022 मध्ये एकरकमी फेडायच्या बोलीवर. आजच्या क्वाचात (2013 मध्ये तीन शून्यं कापली गेली) डॉलर तेव्हा सुमारे 5 ला होता, म्हणजे कर्ज 375 कोटी क्वाचांचं. 2020 अखेर डॉलर 21 वर पोचला आणि तेच मुद्दल 1,575 कोटींचं झालं. पुढे 2014 आणि 2015 मध्येही रोखे काढलेच. नोव्हेंबर 2020 मध्ये सव्वाचार कोटी डॉलरचा व्याजाचा हप्ता थकला. तेजीतच कर्ज फेडायला निधी बाजूला काढला असता, तर ही वेळ टळण्याची शक्यता तरी होती. आमच्या मते खरी चूक हीच.

चिलीही तांब्यावरच जगतो. तिथं 2001 पासून अंदाजपत्रक चालू भावावर बसवत नाहीत. स्वतंत्र तज्ज्ञ तांब्याचा दीर्घ मुदतीचा भाव काढून देतात, तो धरतात. वरची कमाई परदेशी चलनातल्या निधीत जाते. 2008 अखेर त्यात सुमारे 20 अब्ज डॉलर होते. मंदी आली तेव्हा, 2009 मध्ये, त्यांतले 9 अब्जांच्या आसपास काढून सरकारनं खर्च चालू ठेवला.