वाचकांचे प्रश्न : मंजूर नकाशातील लहान घरे बिल्डरला कमी करता येतात का?

प्रश्न : आम्ही वडगावात भाड्याच्या घरात राहतो आणि घरातील दोघे यंत्रमागावर काम करतात. शहराबाहेरील एका गृहप्रकल्पात आम्ही लहान घर नोंदवले आणि संचकाराची (इसाराची) रक्कम चेकने भरली. त्या वेळच्या नकाशात तीन इमारती होत्या व तिसरी इमारत पूर्णपणे सुमारे ३० चौरस मीटरच्या घरांची होती. आता बिल्डर म्हणतात, की लहान घरांना मागणी नाही, त्यामुळे तिसऱ्या इमारतीतील निम्म्याहून अधिक घरे जोडून दोन बेडरूमचे फ्लॅट करणार. पहिल्या दोन इमारतींतील बहुतेकांची संमती मिळाली आहे, तेव्हा मोठा फ्लॅट घ्या, नाहीतर भरलेले पैसे बिनव्याजी परत घ्या, असा निरोप आम्हाला आला आहे. प्रकल्प अजूनही परवडणाऱ्या घरांचाच आहे, असेही त्यांच्या कार्यालयात सांगतात. आम्हाला काही हक्क आहे का?
– एक वाचक, वडगाव (बेळगाव)

उत्तर : हक्क आहे, आणि तुम्हाला भासवले जात आहे त्यापेक्षा तो बराच भक्कम आहे. सर्वप्रथम एक काळजी घ्या. पैसे परत घेतल्याच्या किंवा नोंदणी रद्द केल्याच्या कोणत्याही कागदावर सही करू नका, कारण त्या सहीनंतर या प्रकल्पातील ग्राहक म्हणून तुमची बाजू फारच दुबळी होते.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातील, म्हणजे ज्याला आपण रेरा म्हणतो त्यातील, कलम १४ तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. एखाद्याने घेण्याचे ठरवलेल्या घरातच बदल करायचा असेल, तर त्या व्यक्तीची स्वतःची पूर्वसंमती लागते. तेथे बहुमताचा प्रश्नच येत नाही. मंजूर नकाशात अन्य बदल करायचा असेल, तर त्या इमारतीत घरे घेणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश लोकांची लेखी पूर्वसंमती लागते, आणि या मोजणीत बिल्डर स्वतः धरला जात नाही. एकाच व्यक्तीने किंवा कुटुंबाने अनेक फ्लॅट घेतले असले, तरी त्यांचे मत एकच धरले जाते. कलमातील शब्द 'त्या इमारतीत' घरे घेणाऱ्यांविषयी आहेत, हे विशेष लक्षात ठेवा. तिसरी इमारत स्वतंत्र असेल, तर पहिल्या दोन इमारतींतील रहिवाशांच्या सह्या दाखवून तिचा नकाशा बदलता येणार नाही, असा मुद्दा तुम्हाला ठामपणे मांडता येईल. नोंदणी अर्जातच 'पुढील सर्व बदलांना माझी संमती आहे' असे वाक्य छापलेले असेल, तर त्यानेही घाबरून जाऊ नका. महाराष्ट्रातील मोफा, म्हणजे फ्लॅट मालकीविषयीच्या जुन्या, कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने अशी सरसकट संमती ग्राह्य धरलेली नाही. बदल नेमका काय आहे हे पुढे ठेवून घेतलेली संमतीच खरी, असा त्यामागील विचार आहे, आणि तो कर्नाटकातील रेरा प्राधिकरणापुढेही सांगता येतो.

प्रकल्प परवडणाऱ्या घरांचाच राहणार, हे म्हणणे नीट तपासले पाहिजे, कारण माझ्या मते खरी मेख तेथेच आहे. १ एप्रिल २०१९ पासून जीएसटीच्या सवलतीच्या १ टक्का दरासाठी बेळगावसारख्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंतचे चटई क्षेत्र (घराच्या आतील वापराची जागा) आणि ४५ लाख रुपयांपर्यंतची किंमत असलेले घर परवडणारे मानले जाते. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत मात्र आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक म्हणजे वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब, आणि त्याच्यासाठीचे घर ३० चौरस मीटरपर्यंतचे, अशी व्याख्या होती. तीस-तीस मीटरची दोन घरे जोडून साठ मीटरचे एक केले, तरी कराच्या हिशेबात ते परवडणारेच राहते. पण यंत्रमागावर किंवा उद्यमबागेतील कारखान्यात राबणाऱ्या दोन कुटुंबांच्या जागी दुप्पट किंमत देऊ शकणारे एकच कुटुंब तेथे येते. त्यामुळे कार्यालयात उत्तर मागताना ३० चौरस मीटरची मूळ घरे किती होती आणि आता किती उरणार, हे दोन आकडेच लेखी मागा.

हे आकडे तुम्हाला स्वतःलाही मिळवता येतात. ५०० चौरस मीटरहून अधिक जमिनीवरील किंवा आठाहून अधिक घरांच्या प्रकल्पाची रेराकडे नोंदणी करावी लागते, आणि नोंदणीच्या वेळी घरांची संख्या, प्रकार व चटई क्षेत्र जाहीर करावे लागते. कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावरून मंजूर नकाशा आणि दर तिमाहीची माहिती आजच उतरवून, तारखेसह छापून ठेवा.

यानंतर प्रश्न येतो तो मंजुरीच्या अटींचा. २००७ च्या राष्ट्रीय नागरी गृहनिर्माण धोरणात नव्या प्रकल्पांतील १० ते १५ टक्के जमीन किंवा २० ते २५ टक्के बांधकाम क्षेत्र (एफएसआय) दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावे, असे सुचवले आहे. मात्र धोरण हे कायद्याइतके बंधनकारक नसते. तुमच्या प्रकल्पाच्या मंजुरी आदेशातच लहान घरांची अट घातलेली असेल, किंवा त्या अटीवर बिल्डरला जमीन, वाढीव एफएसआय अथवा अनुदान मिळाले असेल, तर परिस्थिती पूर्णपणे बदलते. आवास योजनेतील, सरकारच्या भागीदारीतला प्रकल्प असेल, तर त्यात किमान ३५ टक्के घरे दुर्बल घटकांसाठी ठेवण्याची अटच होती.

मुंबईतील पवईचे प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. १९८६ साली राज्य शासन, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार होऊन नाममात्र मोबदल्यात जमीन देण्यात आली, आणि तेथे ४० व ८० चौरस मीटरची घरे बांधायची असे ठरले. प्रत्यक्षात लहान घरे जोडून मोठी आलिशान घरे झाली, असा आक्षेप घेणाऱ्या जनहित याचिका दाखल झाल्या आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आधी ठरलेली लहान घरे बांधा, मगच पुढचे बांधकाम करा, असे बजावले. कराराला पंचवीस वर्षे उलटून गेली होती, तरीही अट कागदावर होती म्हणून न्यायालयाला ती अमलात आणता आली.

म्हणून बुडाकडे (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडे), किंवा ज्या स्थानिक संस्थेने परवाना दिला असेल तिच्याकडे, माहिती अधिकारात मंजुरी आदेश, त्याच्या अटी आणि सुधारित नकाशाचा अर्ज यांच्या प्रती मागा. कर्नाटकच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लिहावा लागतो. अनेक अर्ज केवळ या कारणाने परत येतात. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. आदेश कन्नडमध्ये असेल, तर अटींचा भाग जाणत्या माणसाकडून शब्दशः वाचून घ्या. 'तुमचे काम होईल' असा सारांश सांगणाऱ्या एजंटावर विसंबू नका. ही भाषेची अडचण आपल्या भागातील लोकांना फार महागात पडते, हे मी अनेक पत्रांतून पाहत आलो आहे.

कागद हाती आल्यावर तुमच्यासारख्या सर्व कुटुंबांनी मिळून कलम ३१ खाली रेराकडे तक्रार करावी आणि निर्णय होईपर्यंत तिसऱ्या इमारतीच्या बदलाला स्थगिती मागावी. बाहेर पडायचेच ठरवले, तरी बिनव्याजी परतफेड मान्य करू नका. जाहिरातीतील चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला कलम १२ नुसार संपूर्ण रक्कम व्याज आणि भरपाईसह मागता येते, आणि कर्नाटकच्या नियमांत हे व्याज स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर दराहून (कर्जाच्या मूळ व्याजदराहून) २ टक्के अधिक ठरवलेले आहे. मंजुरी देणारी संस्थाच स्वतःची अट पाळून घेत नसेल, तर तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट याचिका करण्याचा मार्ग आहे. तो खर्चिक असल्याने एकेकट्याने धरू नये.

प्रश्न : अशाच एका प्रकल्पात माझा मोठा फ्लॅट आहे. लहान घरे कमी झाली तर आपल्या फ्लॅटचा भाव वाढेल, असे सांगून संमतीपत्रावर सही मागितली जात आहे. सही करावी का?
– एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : सुधारित नकाशा पूर्ण पाहिल्याशिवाय करू नये. घरे जोडली जातात तेव्हा पार्किंग, सामायिक जागा आणि ताबा देण्याची तारीख यांतही बदल होण्याची शक्यता असते, आणि तुमची सही त्या सर्वांना लागू पडते. भाव वाढेल याची हमी कोणी लेखी देत नाही. उलट मंजुरीची अट मोडल्याची तक्रार झाली, तर संपूर्ण प्रकल्पाचे काम व तुमचे भोगवटा प्रमाणपत्र अडकू शकते. शिवाय ज्यांनी तुमच्याच बरोबरीने पैसे भरले, त्यांचे घर तुमच्या सहीने जाणार असेल, तर ती नाकारणे हेच मला योग्य वाटते. सही आधीच केली असेल आणि त्या वेळी नकाशा दाखवला गेला नसेल, तर तसे बिल्डरला स्पीड पोस्टाने कळवून संमती मागे घ्या आणि त्या पत्राची प्रत रेराकडे व मंजुरी देणाऱ्या संस्थेकडे पाठवा.