लहान पिस्तुलात .४५ घ्यावं का? थोडा हिशेब, थोडा अनुभव

तुमचा प्रश्न मला असा समजला: डॅलसजवळ दुकान आहे, रात्री साडेअकराला शटर ओढून एकट्याने पार्किंगपर्यंत चालायचं असतं, ग्रीन कार्ड मागच्या वर्षी आलं, उंची पाच फूट पाच, हात लहान. शर्टाखाली लपेल असं छोटं पिस्तूल हवंय, पण ‘९ मिमी नको, .४५ किंवा १० मिमीच हवं, एका गोळीत काम झालं पाहिजे’ (हे आकडे गोळीच्या व्यासाचे, .४५ सारखे असतील तर इंचात). ग्लॉक ३० आणि स्मिथ अँड वेसनचं शील्ड .४५ या दोन छोट्या .४५ पिस्तुलांत अडकलाय. आजवरचा अनुभव म्हणजे एनसीसीच्या कॅम्पमध्ये .२२ रायफलच्या पाच गोळ्या.

मी ह्यूस्टनला फार्मसिस्ट आहे, बरीच वर्षं रात्रपाळी केली. २०१२ पासून पिस्तूल बाळगते आणि सुरुवात मीही .४५ नेच केली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते ‘एका गोळीत’ डोक्यातून काढा. ही समजूत जुनी आहे. फिलिपिन्समध्ये अमेरिकन सैन्याला .३८ रिव्हॉल्व्हर अपुरं वाटलं, १९०४ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यात गुरांवर, आणि शिवाय मृतदेहांवर, गोळ्या झाडून चाचण्या घेतल्या, आणि लष्करी पिस्तूल .४५ पेक्षा लहान नको असा निष्कर्ष निघाला. त्यातून जॉन ब्राउनिंगचं ‘१९११’ नावाचं पिस्तूल आलं आणि .४५ ला जवळपास देवत्व मिळालं. दुसरा मोठा वळसा १९८६ चा. ११ एप्रिलला मायामीत एफबीआय आणि दोन दरोडेखोर यांच्यात चकमक झाली, दोन एजंट गेले, पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला ९ मिमीची गोळी दंडातून छातीत लागली, पण हृदयाच्या अलीकडे थांबली आणि तो त्यानंतरही लढत राहिला. खापर गोळीवर फुटलं. एफबीआय १० मिमीकडे गेली, ती बहुतेकांना झेपेना म्हणून १९९० मध्ये .४० स्मिथ अँड वेसन ही गोळी आली, आणि पंचवीस वर्षांनी एफबीआय पुन्हा ९ मिमीवर परतली. २०१६ मध्ये कंत्राट दिलं ते ९ मिमी ग्लॉकचं. मधल्या काळात गोळ्या सुधारल्या होत्या. मांसासारख्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी १२ ते १८ इंच शिरली पाहिजे आणि नीट उमललीही पाहिजे, ही मायामीनंतरची कसोटी आजच्या चांगल्या ९ मिमी हॉलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेल्या, आत शिरल्यावर उमलणाऱ्या) गोळ्या पार करतात. .४५ सुद्धा करते. मग उरतो तो फरक नेमबाजाच्या हातातला.

वजनाचा हिशेब आपल्या भाषेत सांगते. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, आणि आपला तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. .४० ची नेहमीची गोळी १८० ग्रेनची, म्हणजे चोख एक तोळा. .४५ ची २३० ग्रेन, सव्वा तोळ्याला किंचित वर. ९ मिमीची १२४ ग्रेन, पाऊण तोळ्यालाही थोडी कमी. व्यासात म्हणाल तर ९ आणि साडेअकरा मिलिमीटर. ही अडीच मिलिमीटरची चैन तुम्हाला हवीय. ठीक आहे, पण तिचं बिल लहान पिस्तुलात जास्त येतं.

कारण .४५ ही पाच इंची नळीसाठी जन्मलेली गोळी. तिथे २३० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण ८३० ते ८५० फुटांनी निघते. नळी सव्वातीन इंचांवर आणली की वेग आणखी पडतो, आणि हॉलो पॉइंट उमलायला ठराविक वेग लागतो. तेवढा नाही मिळाला तर ती बंद कळीसारखी आरपार जाते, म्हणजे महागडी साधी गोळीच. म्हणून आखूड नळीसाठी वेगळी बनवलेली काडतुसं मिळतात. स्पीअर गोल्ड डॉट शॉर्ट बॅरल हे त्यातलं एक. .४५ घेतलंत तर हे विसरू नका.

.४५ च्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. तिचा दाब कमी असतो. कमाल मर्यादा २१,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), तर ९ मिमी आणि .४० ची ३५,०००, १० मिमीची ३७,५००. त्यामुळे .४५ चा धक्का कुणी खांद्याने ढकलल्यासारखा वाटतो आणि .४० चा चापट मारल्यासारखा. हलक्या पिस्तुलात .४० मला सगळ्यात नकोशी. १० मिमीबद्दल तर एवढंच, की अलास्कात अस्वलांच्या मुलखात जाणार असाल तर ग्लॉक २९ घ्या. डॅलसच्या पार्किंगमध्ये ती अंधारात डोळ्यांपुढे दिवाळी करेल आणि दुसरी गोळी कुठे गेली ते तुम्हालाही कळणार नाही.

आता माझी गोष्ट. मी घेतलं होतं तीन इंची नळीचं, १९११ च्या घाटाचं एक .४५. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष मुख्यतः माझ्या हौसेचा होता. नाकापेक्षा मोती जड. दिसायला दागिना. स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, इतकी आखूड, की तेवढ्या प्रवासात ती परत पुढे आणायला स्प्रिंग फार ताठ लागते, आणि ती स्लाइड ओढताना माझ्या बोटांची सालं निघायची. मनगट जरा सैल पडलं की रिकामं काडतूस बाहेर पडताना अडकायचं. पहिल्या दिवशी पन्नास गोळ्या झाडल्या आणि अंगठ्याच्या बेचक्यात फोड घेऊन घरी आले. दुसऱ्यांदा तीस. तिसऱ्यांदा रेंजवर गेलेच नाही. काडतुसांचा खर्चही होताच, .४५ ची पेटी ९ मिमीच्या दीडपटीच्या आसपास पडते. पुढे आठ महिने ते पिस्तूल ड्रॉवरमध्ये आणि मी रात्री रिकाम्या हाताने पार्किंगमध्ये. ज्या कामासाठी घेतलं ते कामच होत नव्हतं, आणि आपण ‘सशस्त्र’ आहोत असं मानून मी निर्धास्त होते. हे आज आठवलं तरी कसंतरी होतं.

मग एका प्रशिक्षकाने एक साधी परीक्षा घ्यायला लावली. तुम्हीही हीच घ्या. जेवायची कागदी थाळी, सात यार्ड, म्हणजे एकवीस फूट. टायमर लावायचा आणि पाच गोळ्या, सगळ्या थाळीतच, शक्य तितक्या लवकर. माझ्या .४५ ने पावणेचार सेकंद, दोन गोळ्या थाळीबाहेर. भाड्याच्या ९ मिमीने अडीच सेकंद, पाचही आत. त्या दिवशी वाद मिटला, निदान माझ्यापुरता. आमच्या कोल्हापूरची राही सरनोबत .२२ ने आशियाई सुवर्ण आणते. तो खेळ वेगळा हे मान्य, पण गोळी लागते ती जिथे नळी बघतेय तिथेच, हे दोन्हीकडे सारखं.

तुमच्या दोन पर्यायांकडे येते. ग्लॉक ३० उत्तम, विश्वासू, दहा गोळ्या मॅगझिनमध्ये. पण .४५ ची जाड काडतुसं दोन ओळींत बसवायची म्हणजे मूठ लाकडी ओंडक्यासारखी होते. लहान हाताचं बोट ट्रिगरवर जेमतेम टोकाने टेकतं आणि नेम बाजूला ओढला जातो. भरलेलं वजन किलोच्या जवळ. ऑगस्टमध्ये टेक्सासच्या उकाड्यात, एका टी-शर्टखाली, दिवसभर उभं राहून गल्ला सांभाळताना ते कंबरेला किती टोचेल ते बघा. त्याचाच ३०एस हा प्रकार स्लाइडने सडपातळ आहे आणि ट्रिगरपर्यंतचं अंतरही कमी आहे, तो एकदा हातात धरून पाहा. शील्ड .४५ तुमच्या अंगाला जास्त शोभेल. जाडी एक इंचाच्या आत, नळी ३.३ इंच, रिकामं वजन सहाशे ग्रॅमच्या खाली, मॅगझिन सहा किंवा सात गोळ्यांचं. पण तेच हलकेपण हाताला भोवतं, शंभर गोळ्यांचा सराव सुखाचा नाही.

.४५ च हवं असा हट्ट कायम असेल तर माझं मत शील्डला. हट्ट सोडलात तर त्याच जाडीत ९ मिमीचं सिग पी३६५ किंवा शील्ड प्लस मिळतं, दहा-तेरा गोळ्या आणि सुसह्य धक्का. मी गेली काही वर्षं पी३६५ बाळगते. काडतूस फेडरल कंपनीचं एचएसटी हे हॉलो पॉइंट, पण कुठलंही निवडा, तुमच्या पिस्तुलातून किमान दोनशे न अडकता चालली पाहिजेत.

होल्स्टरवर पैसे वाचवू नका. कायडेक्सचं (ताठ प्लास्टिकचं), ट्रिगर पूर्ण झाकणारं, पँटच्या आत बसणारं घ्या, आणि सोबत ताठ पट्टा. बाजारातल्या मऊ कापडी होल्स्टरमध्ये शर्टाचं टोक ट्रिगरच्या कड्यात शिरतं. पुढचं सांगायला नको. आणि खिशात सुटं पिस्तूल कधीच नाही, दुकानापासून गाडीपर्यंतसुद्धा नाही.

कायद्याचं थोडं, कारण इथे आपल्या लोकांची गफलत होते. ग्रीन कार्डवर तुम्ही पिस्तूल घेऊ शकता, विक्रेत्याकडे खरेदीचा फेडरल अर्ज, फॉर्म ४४७३, खरा भरायचा. पण घरात कुणी एच-१बी, एच-४ किंवा एफ-१ व्हिसावर असेल, तर फेडरल कायद्याने त्या व्यक्तीने पिस्तूल किंवा काडतूस बाळगणं हा गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे ठराविक अपवाद आहेत, पण ते वकिलाशी बोलून ठरवा, मित्राशी नाही. पत्नीचं कार्ड अजून आलं नसेल तर तिजोरीची किल्ली किंवा आकडा फक्त तुमच्याकडे. नागरिक होईपर्यंत हेही लक्षात असू द्या, की शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर तुरुंगासोबत देशाबाहेर काढलं जाण्याचं कारणही तयार होतं.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. तरीही एलटीसी, म्हणजे टेक्सासचा पिस्तूल बाळगायचा परवाना, काढाच. चार ते सहा तासांचा वर्ग, मग ३, ७ आणि १५ यार्डांवरून पन्नास गोळ्या, २५० पैकी १७५ गुण. शाळेपासून हजार फुटांच्या आत रस्त्यावरून जाताना फेडरल कायद्यातली सूट परवानाधारकालाच आहे, आणि डॅलसच्या उपनगरांत शाळा चुकवून कुठे जाता येतं ते मला दाखवा. दारावर टेक्सास दंडसंहितेच्या कलम ३०.०६ ची पाटी दिसली, मग ते मंदिर का असेना, की पिस्तूल आत न्यायचं नाही. बारवर लाल ५१ चा आकडा असेल तिथेही नाही. न्यू जर्सीला भावाकडे जाणार असाल तर टेक्सासचा परवाना तिथे चालत नाही. हॉलो पॉइंटवर निर्बंध आहेत, आणि मॅगझिनला दहाची मर्यादा. ते घरीच ठेवा.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. इथली घरं लाकडाच्या सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून केलेली, आपल्या वाड्यांच्या दगडी भिंती नव्हेत. चुकलेली गोळी, ९ मिमी असो की .४५, दोन-तीन खोल्या सहज ओलांडते. पलीकडे कोण झोपलंय हे डोक्यात ठेवून घरातली जागा ठरवा. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं पिस्तूल लागू दिलं तर टेक्सासमध्ये तो मोठ्या माणसाचा गुन्हा. बेडजवळ झटकन उघडणारी छोटी तिजोरी भिंतीला बोल्टने बसवा. उशीखाली, कपाटावर, गाडीच्या ड्रॉवरमध्ये असलं काही नको.

या शनिवारी रेंजवर जा, शील्ड .४५ आणि पी३६५ दोन्ही भाड्याने घ्या, प्रत्येकी पन्नास गोळ्या, आणि शेवटी थकलेल्या हाताने थाळीची परीक्षा. वेळ आणि भोकं दोन्ही इथे लिहा, मग पुढचं बोलू.

आणि रेंजला न्यायची बॅग वेगळी ठेवा. तीच पाठीला अडकवून भारतात जाऊ नका. तिथे एक विसरलेलं जिवंत काडतूस विमानतळावर सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवतात, आणि ९ मिमी तर तिथे प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य नागरिकाला परवान्यावरही न मिळणारा व्यास. २०१८ साली मुंबईच्या विमानाच्या आदल्या रात्री माझ्या सॅकच्या बाजूच्या कप्प्यात, पेपरमिंटच्या गोळ्यांच्या डबीखाली, एक सापडलं होतं. तेव्हापासून माझी रेंजची बॅग भगव्या रंगाची आहे आणि गॅरेजच्या बाहेर कुठेही राहत नाही.