भिंतीवर पहिली फळी बसवताना

आपण स्वतःच्या हाताने भिंतीवर फळी बसवण्याचे ठरवले, हे उत्तम झाले. सुरुवातीला एवढेच काम हाती घ्यावे आणि विजेची जोडणी तूर्त जाणकारावर सोडावी.

विजेच्या तारा बहुधा स्विचबोर्डापासून सरळ वर, खाली किंवा आडव्या गेलेल्या असतात, म्हणून त्या रेषांत ड्रिल लावू नये. नळाच्या आसपासही हीच दक्षता घ्यावी.

नवशिक्यांची फळी निखळते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. प्लास्टरचा थर साधारण 12 ते 15 मिलिमीटर जाडीचा असतो आणि आखूड प्लग (स्क्रू घट्ट धरण्यासाठी भोकात बसवायची प्लास्टिकची नळी) त्या थरातच अडकलेला राहतो, त्यामुळे भार पडताच तो प्लास्टरच्या खपलीसह बाहेर येतो. प्लग विटेत किंवा काँक्रीटमध्ये पक्का बसला पाहिजे. त्यासाठी:

- 8 मिलिमीटरच्या प्लगला 8 मिलिमीटरचेच बिट (ड्रिलला लावायचे, भोक पाडणारे टोक) वापरावे. ‘थोडे मोठे असलेले बरे’ हा विचार पहिल्या दिवसापासून सोडून द्यावा.
- भोक प्लगच्या लांबीपेक्षा थोडे अधिक खोल घ्यावे आणि ती खोली बिटवर चिकटपट्टी गुंडाळून आधीच दर्शवावी.
- भोकातील भुकटी काढूनच प्लग ठोकावा.

टाइलला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर मोड (फिरण्यासोबत ठोके देण्याची सोय) बंद ठेवावा, अन्यथा ती तडकते. संरक्षक चष्मा अवश्य लावावा (मी तो डोळ्यांत धूळ गेल्यानंतरच विकत घेतला होता). पहिले भोक चुकले तरी निराश होऊ नये. ते पुट्टीने बुजवता येते, मात्र नवे भोक त्याला अगदी खेटून पाडू नये.